आखाजीची तारीख

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून खिदळते. वडावरची बाई, उलट्या पायांचा माणूस, मागून येणारी हाक... "यांना अॅसिडिटी झालेली असते," असं माझं ठरलेलं मत. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर नवरा समोर बसून हसतोय. हसू दे. पण ज्या गोष्टीवर तो हसत नाही, तीच मी लिहितेय.

आमचं चिखलीत दुकान आहे, चौदा वर्षं झाली. तो मोबाइल बघतो, मी कॉम्प्युटर. बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेली पाहून सुरुवातीला लोक "मालक कुठं गेले?" विचारायचे. आता नाही विचारत. या कामात मी एकच शिकले — बिघाडाला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते घाणेरडं असतं. लोक सीपीयूच्या डब्याला लिंबू-मिरची बांधून आणतात. मी आधी ती सोडून कचऱ्यात टाकते, मग डबा उघडते. दुसरबीडच्या एका गिऱ्हाइकाने "ताई, याले बाहेरचं लागलं" असं अगदी हात जोडून सांगितलं होतं. त्याच्याच मशीनमधून उंदराचं घरटं काढून मी त्याच्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवलं. पिल्लांसकट. कॉम्प्युटरला भूत लागत नाही, झुरळं लागतात, हे माझं वाक्य आमच्या गल्लीत पाठ आहे सगळ्यांना.

तर हे देऊळघाटच्या मशीनचं. त्या मशीनवर एका बाईचा अर्ध्या शेतीचा हिस्सा अडकलाय हे मला फार उशिरा कळलं. आणि तो अडकवायला फोनवरून मदत मीच केली होती. ते आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

दिवाळी होऊन तीन-चार आठवडे झाले होते. सकाळी मी पोह्यांत हात घालून बसले होते आणि फोन आला. गजानन म्हणून. "ताई, मी रमेशभाऊचा लहान भाऊ बोलून राह्यलो, देऊळघाटहून. टायपिंगचं दुकान, आठवलं का?"

आठवलं की. रमेशभाऊ म्हणजे माझं एक नंबरचं गिऱ्हाईक. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, झेरॉक्सचं दुकान. मशीन माझ्याकडूनच असेम्बल करून नेलेलं. माणूस इतका टापटिपीचा की कीबोर्डवर शिवून घेतलेलं कापड घालायचा. पोळ्याच्या सुमारास ते गेले, छातीत दुखायला लागलं आणि खेळ संपला, एवढं मला उडत उडत कळलं होतं. जायला जमलं नव्हतं.

"ताई, मशीनची तारीख मुळातून बदलाची हाय. खाली कोपऱ्यात बदलतो तं नेट लागलं का परत आजची होऊन जाते."

"कशाला हवीय मागची तारीख?"

"ते टायपिंगचं सॉफ्टवेअर एक्स्पायर झालं ना."

हे मला रोज ऐकू येतं. चकटफू मिळालेलं सॉफ्टवेअर महिन्यात बंद पडतं, मग लोक मशीनची तारीखच मागे नेऊन ठेवतात. अर्धा जिल्हा अशा जुन्या तारखांवर चाललाय. मी काही जास्त विचारलं नाही. मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, निळी पाटी येईल, तिला बायोस म्हणतात, विंडोजच्याही आधीची सेटिंग असते ती, तिथे तारीख बदला आणि बाकी कशालाही हात लावू नका. एवढं सांगितलं आणि पोह्यांना फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी परत फोन. "ताई, डबडं झालं त्याचं. चालूच नाही होऊन राह्यलं."

हात लावलाच होता. "हात लावू नका" सांगितलं की लोक आधी तिथेच लावतात.

स्कूटीवरून निघाले. बुलडाण्यावरून पुढे देऊळघाट, दुकान रस्त्यालाच. शटर अर्धं वर होतं. आत पाऊल टाकलं आणि दारातच थबकले. रमेशभाऊंचं ते लख्ख दुकान! तीन महिन्यांत त्याचा उकिरडा झाला होता. मॉनिटरवर लाल शिंतोडे. माऊसच्या शेजारी पाण्याची बाटली अर्धी कापून ठेवलेली, आणि तिच्यात... जाऊ दे, गुटखा खाणारा माणूस बाटली कशासाठी कापतो हे सगळ्यांना माहीत आहे. ती निम्मी भरलेली होती. गजानन तिच्यात थुंकायचा आणि त्याच हाताने माऊस धरायचा. कागद मोजताना अंगठा जिभेला लावायचा. लाल अंगठा! त्याने मला बसायला खुर्ची पुढे केली, मी आधी रुमाल टाकला आणि मग टेकले.

"काय काय दाबलं?" मी विचारलं.

"काहीच नाई ताई. फक्त तारीख."

बायोस उघडलं. हार्ड डिस्कची पद्धत बदललेली, मशीन कशावरून चालू करायचं त्या यादीतून हार्ड डिस्कच गायब. या फक्त-तारीखवाल्यांना एकदा रांगेत उभं करायची माझी इच्छा आहे. आणि तारीख? उन्हाळ्यातली. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्याच तारखेला पेनाने गोल केलेला दिसला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या, तारीख आजची घातली. मशीन झटक्यात चालू. पाच मिनिटांचं काम.

इतक्यात आतल्या दारातून एक बाई चहा घेऊन आली. पस्तिशीची असेल. गळा मोकळा, कपाळ मोकळं. ही रमेशभाऊंची बायको, सुनीता. तिने कप ठेवला आणि मशीनकडे बघत विचारलं, "वाचलं का ताई?"

"वाचलं."

"बरं झालं. मले शिकाचं हाय त्याच्यावर. आता हे मशीन अन् यायच्या नावची अर्धी शेती, माह्या पोरीले अन् मले दोनच गोष्टी हायेत." मग दिराकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, सातबाऱ्यावर नाव चढवाचं तेवढं पाह्यजा. तीन महिने झाले."

"पाहू ना वयनी, घाई काय हाय?" म्हणून गजानन बाटलीत थुंकला. मी चहाचा कप बाजूला सरकवला.

ती आत गेल्यावर तो म्हणाला, "ताई, तारीख लावून द्या ना आखाजीची."

लावून दिली. काय जातंय माझं? सेव्ह केलं, मशीन परत सुरू केलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी डॅश लुकलुकत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं... तेवढीच. आजची तारीख घातली — विंडोज हजर. आखाजीची घातली — डॅश. चार वेळा करून पाहिलं. बाकी एकही सेटिंग हलवली नव्हती.

बोर्डावर गोल बटणाएवढी बॅटरी असते, ती उतरली की असे चाळे होतात, म्हणून नवी घातली. तेच. मग मला चीड आली. माझ्या हातचं मशीन आणि मलाच कळू नये? डबा स्कूटीवर पायांशी घेतला आणि चिखलीला आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसून तो उघडला. तोंडाला रुमाल बांधून. आतली घाण सगळी सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. झुरळांची टरफलं, पालीची अंडी, आणि पंख्याच्या पात्यांवर लाल थर. म्हणजे हा माणूस डब्याच्या जाळीवरसुद्धा थुंकला होता. मी ब्रशने, कापसाने, स्पिरिटने दोन तास तो बोर्ड स्वच्छ केला आणि दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन हात धुतले. नवरा म्हणाला, "फेकून दे, दुसरा टाक." मी म्हटलं, थांब.

सगळं चकाचक करूनही तेच. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला. हार्ड डिस्क काढून माझी स्वतःची लावली, ज्यात दुसरंच विंडोज होतं. तरी तेच! तारीख आजची, चालू. आखाजीची, बंद. माहीतगार वाचकांना सांगते, मागची तारीख असली म्हणून विंडोज चालू व्हायचं थांबत नाही. फार तर नेट रडतं, एखादं सॉफ्टवेअर कुरकुरतं. काळ्या पडद्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

मग मी कारागिरांचा नेहमीचा उपाय केला. दोष कुठे आहे कळत नसेल तर निम्मं-निम्मं करत जायचं. आखाजी आणि आजच्या मधली तारीख घातली — बंद. तिच्या आणि आजच्या मधली — चालू. मग त्या दोघींच्या मधली... असं करत करत दुपारपर्यंत मी एका दिवसावर येऊन थांबले. त्याच्या आदल्या दिवशीची कोणतीही वेळ घाला, मशीन बंद. दुसऱ्या दिवशीची घाला, चालू. आणि त्या दिवशी सकाळची वेळ घातली तर बंद, संध्याकाळची घातली तर चालू. नवरा जेवणाचा डबा खाता खाता बघत होता. "दुपारी याचं काहीतरी झालंय," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. मी ती तारीख बिलाच्या पाठीवर लिहून ठेवली. इथे मुद्दाम लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मशीन घेऊन देऊळघाटला गेले. खरं सांगते, हार मानून गेले होते. जोडून चालू करून दाखवलं. सुनीता मशीन आलं म्हणून बाहेर येऊन उभी होती.

"हे बघा," मी गजाननला म्हटलं, "मशीन चांगलं आहे. पण एका तारखेच्या मागे जात नाही. का, ते मला विचारू नका. तुमचं ते सॉफ्टवेअर नवीन घ्या."

"कोन्त्या तारखेच्या?"

मी चिठ्ठी काढून वाचली. "या दिवशी दुपारनंतर चालू होतं. त्याआधीचं काहीच घेत नाही."

गजाननचं चघळणं थांबलं. आणि सुनीता दाराची चौकट धरून हळूच खाली बसली.

"ताई," ती म्हणाली, "ती पोळ्याची कर व्हती, पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी यायनं त्या खुर्चीवर बसून दोन फॉर्म भरले. दुपारी छातीत कळ आली. जीपमधी घालून बुलडाण्याले नेता नेता, रस्त्यातच..."

माझ्या हातातली चिठ्ठी मी घडी करून पर्समध्ये ठेवली, का ठेवली कोण जाणे. अंगावर काटा वगैरे आला नाही. मला फक्त वाटलं, मी कुठेतरी चुकलेय, परत मोजायला हवं.

"योगायोग हाय वयनी," गजानन घाईघाईने म्हणाला. "ताईले पानी आना बरं."

ती आत गेली तसा तो खुर्ची सरकवून माझ्याजवळ आला. तोंडाचा तो कुजका गोडसर वास माझ्या नाकात गेला. "ताई, तुमाले काय करायचं त्याच्याशी? तुमी कारागीर. मले फक्त आखाजीच्या तारखेची एक फाइल बनवून द्या या मशीनवर. एक कागद छापाचा हाय, बस."

"मागची तारीख तर कागदावर नुसती टाइप करता येते की."

"तसं नाई जमत. आता लोक शहाणे झाले. फाइल कोन्त्या दिवशी बनली ते मशीनमधी दिसते म्हन्ते. म्हनून तर मुळातून बदलाची हाय. दादाच्या मशीनवर, दादाच्याच फोल्डरमधी, आखाजीची फाइल. मंग कोन काय म्हनन?"

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. तेव्हा त्याने ड्रॉवर उघडला, अंगठा चाटला आणि कागदांची एक चळत माझ्यासमोर टाकली. दहा-बारा कोरे कागद. एक अक्षर नाही. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात सही. रमेशभाऊंची, ती वळणदार.

आमच्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत ही सर्रास पद्धत आहे. मालक शेतात गेला, लग्नाला गेला, तर गिऱ्हाईक परत जायला नको म्हणून तो कोऱ्या कागदांवर साक्षीदाराच्या सह्या करून ठेवतो. मागे राहिलेला माणूस वर अर्ज छापून देतो. मी स्वतः पन्नास ठिकाणी पाहिलंय. कधी खटकलं नव्हतं.

"आखाजीले दरसाल आमच्या घरी शेतीची बोली होते," गजानन समजावून सांगत होता, अगदी शांतपणे. "कोनतं वावर कोनी कसाचं, ते त्याच दिवशी ठरते. यंदा दादानं त्याचा हिस्सा मले लिहून देल्ला, राजीखुशीनं. गावाले पटते ते. आखाजीचा कागद असला का कोनी इचारत नाई."

"दिला होता का लिहून?"

"देल्ला असता ना. टाइम नाई भेटला त्याले." आणि बाटलीत थुंकला. "वयनी तं उद्या माहेरी जाईन. पोरगी लोकाच्या घरी जाईन. कायदा कागद पाह्यते, ताई."

असा कागद कचेरीत टिकतो की नाही मला माहीत नाही. पण गावातल्या चार जाणत्यांसमोर ठेवला, आणि घाबरलेल्या बाईला "ही तुझ्या नवऱ्याचीच सही ना?" विचारलं, तर ती "हो"च म्हणणार. सही त्याचीच होती.

मला शिसारी आली. त्या बाटलीची आली, त्या लाल अंगठ्याची आली जो आता भावाच्या सहीवर उमटला होता. पण सगळ्यांत जास्त माझीच आली. पोह्यांत हात घालून याला मीच सांगितलं होतं ना, डिलीट दाबत राहा म्हणून? आणि दोन दिवस मान मोडून मी कशासाठी झगडत होते? याची आखाजी यावी म्हणून!

आणखी एक सांगते. फाइलवर मागची तारीख आणायला मशीन मागे न्यायची काही गरज नसते. ते दोन मिनिटांचं काम आहे, गजाननला ठाऊक नव्हतं इतकंच. मला ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मोठ्याने हाक मारली, "वहिनी, बाहेर या जरा."

"ताई!" गजानन दबक्या आवाजात ओरडला. "काऊन?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी चळतीकडे बोट दाखवलं. "हे तुमच्या यजमानांच्या सहीचे कोरे कागद आहेत. यांच्यावर काहीही छापता येतं. तुमची शेतीसुद्धा. ते ताब्यात घ्या."

तिला समजायला वेळ लागला नाही. तांब्या खाली ठेवून तिने कागद उचलले. एक-एक करून पाहिले. सहीवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. दुकानाच्या कोपऱ्यात कपबशा विसळायची बादली होती, गढूळ पाण्याची, चहापत्ती तरंगत असलेली. तिच्यात तिने ते सगळे कागद एकदम बुडवले आणि धुणं पिळावं तसे पिळले. शाई पाण्यात उतरली.

"वयनी, गेलेल्या मानसाची सही हाय ते!" गजाननला एकदम भावाचा उमाळा आला. "पाप लागते, असं करू नये!"

"लागू द्या," ती म्हणाली. "तुमाले पुरून माह्या वाट्याले उरलं, तेवढं घेईन मी."

गजानन लालबुंद झाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर त्याने माझ्यावर तोंड टाकलं. "झालं ना तुमच्या मनासारखं? कागद गेले. आता लावा तारीख मागं. पाहू तं खरं काय भूत बसलं त्या डब्यात! तुमालेच काही येत नाई अन् नाव दुसऱ्याचं."

हे मात्र मला लागलं. मी काहीही ऐकून घेईन, हे नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही पाहायचंच होतं. बायोस उघडलं, आखाजीची तारीख घातली, सेव्ह केलं.

काळा पडदा. डॅश लुकलुकतेय.

"पाह्यलं?" गजानन हसला. "काही भूतबित नाई. मशीनच भंगार देल्लं तुमी दादाले."

सुनीता पडद्याकडे बघत होती. ओले हात तसेच होते, कोपरावरून पाणी गळत होतं. मग ती दिराकडे वळली.

"अजून एक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"कागद. अजून एक हाय तुमच्यापाशी."

"माय शपथ वयनी, सगळे तं..."

तिने फक्त हात पुढे केला. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज येऊन विरला, तरी तिचा हात तसाच. गजानन एकदा माझ्याकडे, एकदा पडद्यावरच्या डॅशकडे बघत होता. कपाळावर घाम आलेला. शेवटी त्याने शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या काढल्या, आतल्या बनियनच्या खिशात हात घातला आणि चार घड्यांचा कागद बाहेर काढला. घामाने ओला, कडेला गुटख्याचा डाग. खाली उजव्या कोपऱ्यात सही. हा त्याने अंगावर बाळगला होता, झोपतानाही असेल!

तो कागद तिने दोन बोटांच्या चिमटीत धरला, मेलेलं काही उचलावं तसा, आणि बादलीत टाकला.

मी मशीनचं बटण दाबून बंद केलं, परत सुरू केलं. काहीही बदललं नव्हतं मी. पंखा फिरला, दिवा लागला, आणि विंडोज सुरू झाल्याचा तो ओळखीचा आवाज आला. कोपऱ्यात तारीख आखाजीची.

त्यानंतर त्या मशीनवर मी कोणकोणत्या तारखा घालून पाहिल्या विचारू नका. पोळ्याच्या आधीच्या, दोन वर्षांपूर्वीच्या, रमेशभाऊंनी मशीन नेलं त्याच्याही आधीच्या. सगळ्या घेतंय. नवरा म्हणतो, कुठेतरी लूज कनेक्शन असेल, हलवाहलवीत बसलं. एका मित्राने बोर्डावरच्या घड्याळाच्या चिपचं काहीबाही सांगितलं. मी मान डोलावली. पण चिपला करीच्या दिवशीची दुपार कशी कळली? आणि एका माणसाच्या बनियनच्या खिशात काय आहे, ते? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, फक्त लिंबू-मिरचीचं सांगू नका.

सुनीताचं नाव उताऱ्यावर चढलं. मुलीचंही. गजानन त्याच घरात राहतो, दार वेगळं केलंय. त्याला काही झालं नाही, असल्यांना होत नाही. दुकान आता ती चालवते. दोन बोटांनी टाइप करते, पण करते. मागच्या महिन्यात मी मशीन साफ करायला गेले होते. मॉनिटर स्वच्छ, बाटली नाही. चहा प्यायले, अगदी निवांत.

गावात अर्थातच बोभाटा झालाय की रमेशभाऊंनी मशीन अडवून धरलं. सुनीता गप्प गप्प होती, म्हणून मी, जी असल्या कशावर विश्वास ठेवत नाही ती मी, तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "वहिनी, काही म्हणा, रमेशभाऊंनी शेवटपर्यंत राखण केली तुमची."

तिने टाइप करणं थांबवलं.

"मेल्यावर राखन करतेत," ती म्हणाली, "अन् जित्तेपनी भावाच्या हाती कोऱ्या कागदावर सह्या करून देताना कुठं गेल्ती अक्कल? तवा एकडाव माह्यासंग बोलले असते, तं मशीनले बोलाचं काम नसतं पडलं."

मी खाली मान घालून बोर्डावर ब्रश फिरवत राहिले.